पोस्टात पडलेली चाल

अप्पर हट, न्यूझीलंड,
२६ ऑक्टोबर १९९७

प्रिय शिरीष,

तिकिटं मिळाली. तेरा डिसेंबर, वेलिंग्टन ते मुंबई, माझं आणि आपल्या ऋग्वेदाचं. खिडकीची जागासुद्धा सांगून ठेवलीस. तुझा नीटनेटकेपणा नाशिकला जाऊनही सुटला नाही, हे बघून बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "मिळाली ना?" मी "हो" म्हटलं आणि लगेच हवामानावर घसरले, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. येणार की नाही याचं उत्तर पत्रानेच द्यायचं होतं, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी तुझं. इथे निदान माझं तरी होईल.

पण आधी दुसरं. ऋग्वेदा फोनवर ज्या जर्मन आजीबद्दल बडबडते त्या कोण, असं तू दोनदा विचारलंस. त्यांचं नाव हॅनेलोर व्हिटिश. आमच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खोलीत असतात. वय सहासष्ट, मांडीचं हाड मोडलेलं आणि दोन्ही हातांना कंप. तिथे मी निळा अंगरखा घालून लोकांना आंघोळी घालते, गोळ्या देते, चादरी बदलते, हे तुला माहीत आहे आणि तुला ते बघवत नाही हेही मला माहीत आहे. सगळे मला 'आशा' म्हणतात. फ्राऊ व्हिटिश, म्हणजे व्हिटिशबाई, मात्र पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणतात. मी म्हटलं, इथे मी डॉक्टर नाही. तर म्हणाल्या, "मीही इथे विजेती नाही. पण मी खेळणं विसरलेले नाही."

कारण या बाई तीन वेळा पूर्व जर्मनीच्या महिला विजेत्या होत्या! बुद्धिबळात. वडिलांनी शिकवलं, तेविसाव्या वर्षी पहिलं विजेतेपद मिळालं. दिवसा रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि सुट्टीत स्पर्धा. सोफिया, बुडापेस्ट सगळं पाहून झालं. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या कुणीतरी ठरवलं की या खेळात ऑलिंपिकची पदकं नाहीत, तेव्हा देशाबाहेरच्या स्पर्धा बंद. त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "तुम्हाला लहान मुलगी आहे, प्रवासाची दगदग कशाला? तुमच्या भल्याचंच आहे." बाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या, खेळ ऐन भरात होता. घरी आल्या, रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डांचा गठ्ठा विकत घेतला. माणसाला सीमा ओलांडता येत नव्हती, कार्डाला येत होती. एका कार्डावर एक चाल. उत्तर यायला कधी पंधरा दिवस, कधी महिना, एक डाव दोन-दोन वर्षं चालायचा. कार्डावरचे आकडे बघून पोलीस दोनदा चौकशीला आले. दुसऱ्या वेळी त्यांतल्या एकाला बाईंनी हत्ती कसा चालतो ते शिकवून परत पाठवलं. बर्लिनची भिंत पडल्यावर साठाव्या वर्षी त्या इथे जवळच, पोरिरुआला, लेकीकडे आल्या आणि महिनाभरात वेलिंग्टनच्या एका स्पर्धेत जाऊन बसल्या. एकोणीस वर्षांनी परदेशी खेळाडू समोर, हाडामांसाचा! पहिला डाव हरल्या, पुढचे चार जिंकल्या.

आता हात चालत नाहीत म्हणून त्यांची कार्डं मी लिहिते. त्या चाल सांगतात, मी लिहिते, त्या थरथरती सही करतात आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेरच्या, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानाबाहेरच्या, पेटीत मी कार्ड टाकते. होस्टेलच्या कॉमनरूममध्ये तू मला खेळायला शिकवलंस ते असं उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं. तेव्हा मला वाटायचं तू बुद्धिबळ शिकवतोयस. उशिरा कळलं की साहेबांचा डाव वेगळाच होता.

आता जे सांगायचं ते सांगते, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. मार्चमध्ये बाईंना ताप भरला, लघवीचं इन्फेक्शन. मधूनच जर्मन बोलत होत्या, वार चुकत होत्या. त्या वेळी ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका निवृत्त शिक्षकाशी त्यांचा डाव चालू होता; बाईंनी तो डाव जिंकला असता तर पोस्टाच्या त्या स्पर्धेत पहिला नंबर नक्की होता. त्या अवस्थेत त्यांनी मला चाल सांगितली ती अशी, की एका यःकश्चित प्याद्यासाठी आपला हत्ती देऊन टाकायचा. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, मनात निदान केलं की बाई तापात बरळतायत आणि कार्डावर दुसरी चाल लिहिली. साधी, हत्ती वाचवणारी. चष्मा न लावता त्यांनी सही केली. मला फार बरं वाटलं होतं शिरीष, अगदी कुणाचा तरी जीव वाचवल्यासारखं.

बारा दिवसांनी होबार्टहून उत्तर आलं. बाईंचा ताप केव्हाच उतरला होता. त्यांनी कार्ड वाचलं, पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ताप मला होता. डावाला नव्हता." आणि हत्ती दिल्यावर पुढे सात चालींत कशी मात होती ते पटावर मांडून दाखवलं. मी रडकुंडीला आले. म्हटलं, पंचांना कळवू या, अक्षर माझं आहे, चूक माझी आहे. तर ठाम नाही म्हणाल्या. "सही माझी आहे, पोस्टात पडली ती खेळली गेली, आता पुढची बघू." मग म्हणाल्या, "माझ्या भल्यासाठी माझी चाल दुसऱ्याने खेळण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी त्यांनी विचारलंही नव्हतं. तू निदान तीनदा विचारलंस." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी ट्रेन नाही घेतली, नदीकाठाने चालत घरी आले. वाटभर तुझी आठवण येत होती. गेल्या वर्षी तू इथे डॉक्टरकी करायच्या परवान्याच्या परीक्षेत थोडक्यात राहिलास, चार दिवस कुणाशी बोलला नाहीस आणि पाचव्या दिवशी मी काय केलं? तुला न विचारता पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून टेबलावर ठेवला, सहीच्या जागी पेन्सिलने फुलीसुद्धा करून. वाटलं, धक्का दिला की माणूस उठतो. तू फॉर्म पाहिलास आणि आठवड्यात परतीचं तिकीट काढलंस. मी वर्षभर म्हणत राहिले की तू पळालास. खरं म्हणजे तुझा हत्ती वाचवायच्या नादात तुझा डाव मीच बिघडवला. चुकलं माझं. हे मी कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते.

होबार्टचा डाव मागच्या आठवड्यात संपला. बिघडलेल्या डावातून बाईंनी सात महिने चिवटपणे वाट काढली आणि बरोबरी केली. पहिला नंबर गेला, दुसरा आला. शिक्षकाने अभिनंदनाचं कार्ड पाठवून खाली विचारलं आहे की अमुक चालीला हत्ती का दिला नाहीत. बाईंनी मला उत्तर लिहायला लावलं, "सुचलं नाही." मी पेन खाली ठेवला, पण त्यांनी सही करायला हात पुढे केला होता. लगेच पुढच्या स्पर्धेचा अर्जही मागवला आहे. ती दोन वर्षं चालेल, असं त्यांची लेक काळजीने म्हणाली. बाई म्हणाल्या, मग मला दोन वर्षं काम आहे.

इथे सगळं ठीक. ऋग्वेदा शाळेतून अनवाणी येते, जॅण्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दप्तरात. मी मराठीत रागावते, ती "इट्स ऑल गुड, आई" म्हणते. गुरुवारी दिवाळी. चकलीची भाजणी मिळाली नाही, तांदळाच्या पिठावर भागवणार आहे. तू करतोस तशी खिचडी अजून कुणाला जमलेली नाही. ऋग्वेदा तुझी फार आठवण काढते आणि मीही. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता तिकिटांचं. तू ती प्रेमानेच पाठवलीस, मी थकले असेन, घरी यावं, म्हणून. पण शिरीष, ही माझी चाल आहे आणि ती मी खेळून बसले आहे. जूनपासून पहाटे उठून अभ्यास केला, तीच परीक्षा दिली, तुला सांगितलं नाही, कारण तू "हो" म्हणाला असतास तरी आणि "नको" म्हणाला असतास तरी ती चाल माझी राहिली नसती. मंगळवारी निकाल आला. मी पास झाले. जानेवारीत चाळिसाव्या वर्षी पुन्हा हाउस सर्जन म्हणून, म्हणजे इस्पितळातली सगळ्यात कनिष्ठ डॉक्टर म्हणून, रुजू होते आहे. फ्राऊ व्हिटिशनी बातमी ऐकून फक्त मान डोलावली, जणू त्यांना दोन वर्षं माहीत होतं. तिकिटं सोबत परत पाठवते आहे. त्याच पाकिटात तुझ्या परीक्षेचा फॉर्म आहे. या वेळी तो कोरा आहे. तुझं नावसुद्धा मी लिहिलेलं नाही, फुली तर नाहीच. भरलास तर मी तुला घ्यायला विमानतळावर असेन. फाडलास तर तोही तुझा निर्णय. ऋग्वेदाला घेऊन मी दर सुट्टीत नाशिकला येईन आणि एका शब्दाने टोचणार नाही. उद्या लेबर डेची सुट्टी, टपाल निघणार नाही. तरी हे पाकीट मी आत्ताच डेअरीबाहेरच्या पेटीत टाकून येते.

तुझ्या उत्तराची वाट पाहायला शिकलेली, तुझीच,
आशालता