नववी पायरी

स्कारबरो, ६ मे १९८४

ती. एडनाताईस,
ऑलिव्हचा सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीचा, जीनचा फोन आला होता. खुब्याचं ऑपरेशन महिन्यावर आलं असताना तू तिकीट काढून हार्कम हॉलचा वाडा बघायला निघालीस म्हणे! अकरा वर्षं तिथे मोलकरीण होतीस, तेवढं बघून पोट भरलं नाही का? आणि म्हणे समोरच्या मोठ्या जिन्याने चढणार! डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्यात ना?

ताई, माझ्यासाठी करत असशील तर नको. पंधरा वर्षांची होते मी, तुझ्यासोबत तिथेच कामाला. गरम पाण्याचं भांडं जड झालं, म्हणून नोकरांचा जिना सोडून मालकांच्या जिन्याने निघाले. हाऊसकीपर मिसेस क्रेकने धरलं आणि दुपारी माझी ट्रंक फाटकाबाहेर. पंचावन्न वर्षं झाली त्याला. उगाच तमाशा करू नकोस.

इथे वारा फार. गुडघे कुरकुरतात, पण चालू आहेत. प्रकृतीला जप, आणि माझं एकदा तरी ऐक.

तुझी,
ऑलिव्ह

बेकवेल, १३ मे १९८४

चि. ऑलिव्हला अनेक आशीर्वाद.

तमाशा झाला, आधीच सांगून टाकते.

घर दाखवणारे मिस्टर लॅम्ब गोड माणूस. खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून वाळकी काटेरी बोंडं ठेवलीत, ती पाहून मला हसू आलं. मोठ्या जिन्याचा गालिचा झिजतो म्हणून ते सगळ्यांना नोकरांच्या जिन्याने वर नेऊ लागले. लोक म्हणाले, किती मजेशीर जिना! मी म्हटलं, तुम्ही मजा करा, माझी अकरा वर्षं करून झाली. आणि मोठ्या जिन्यापुढे आडवी बांधलेली दोरी काढली.

मिस्टर लॅम्ब धावत आले, आजीबाई, आजीबाई करत. मी थांबले नाही. खुबा ओरडत होता, त्यालाही गप्प केलं. नवव्या पायरीवर मात्र थांबले. इथेच मिसेस क्रेकने तुझा दंड धरला होता. मी खाली ब्रश घेऊन उभी होते, आणि नोकरी जाईल म्हणून मान खाली घातली. ती मान मी तेव्हापासून वर केली नव्हती गं. परवा केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं तुझं पूर्ण नाव सांगितलं आणि तुला का काढलं तेही.

मग मिस्टर लॅम्बनी हात पुढे केला, वर नेतो म्हणाले. मी नको म्हटलं. उरलेल्या सतरा पायऱ्या माझ्या नाहीत, तुझ्या आहेत. तू येशील त्या दिवशी दोरी काढून ठेवायचं त्यांनी कबूल केलंय.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
एडना

स्कारबरो, १६ मे १९८४

ती. एडनाताईस,
सा. न. वि. वि.

रागावले. पत्र दोनदा ड्रॉवरमध्ये कोंबलं. मग खूप रडले. मनावेगळं केलंय असं मी सगळ्यांना सांगत आले, ते खोटं होतं.

तू त्या दिवशी मान खाली घातलीस, ते मी पाहिलं होतं. लागलंही होतं. आज प्रथमच सांगते, कारण आज ते संपलं.

पुढच्या गुरुवारच्या बसने येते. मिस्टर लॅम्बना कळव, आणि मी नवव्या पायरीपासून नाही, पहिलीपासून चढणार, हेही. तू खाली उभी राहायची नाहीस. काठी जीनकडे दे आणि माझ्या बाजूला ये. दमलो तर बसू, पण त्याच जिन्यावर.

लोभ आहेच, या खेपेला हातही असू दे.

तुझी,
ऑलिव्ह