तारखेच्या आठ दिवस आधी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो म्हणाला होतात, आता उतरतानाही वाजतो का? व्याह्यांचं पथ्य नीट चाललंय ना? इकडे तुमची लेक आणि तिची लेक, दोघी बऱ्या आहेत. मीही बरी आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं).

गुरुवारी मी फोनवर बातमी दिली तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. तुमचं एका शब्दात भागलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलांचं लग्न ठरत होतं तेव्हा नुसत्या पडद्यांच्या रंगावर तुम्ही तासभर बोलला होतात. त्यामुळे मी घाबरले आणि पत्र लिहायला बसले. शनिवारी तुम्ही याल, त्याआधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून कुरिअरने धाडते आहे.

सांगायचं ते हे, की यात माझी काही चूक नाही. पहिलटकरीण तारखेनंतरच बाळंत होते, हे मी नाही, सगळं जग सांगत होतं. औषधांच्या दुकानातला माणूस गोळ्या देता देता सांगायचा. इस्त्रीवाला सांगायचा (त्याला स्वतःला मूलबाळ नाही, पण दहा इमारतींचे कपडे त्याच्याकडे येतात, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं). खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर वहीच काढून दाखवली. या इमारतीतली नऊ पहिली बाळंतपणं, त्यातली सहा तारखेनंतर, दोन आधी आणि एक नेमकं तारखेला. ते तारखेचं त्यांच्या बायकोचं होतं, आणि ती शिस्त आपल्यामुळे लागली असं त्यांचं ठाम मत आहे. तुम्ही स्वतःच म्हणाला होतात, तुमची ही लेक स्वतः दहा दिवस उशिरा आली आणि आल्यावरही झोपूनच राहिली. म्हणून तर तुम्ही एकोणीस तारखेपासून रजा टाकलीत. मंगळवारी तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं. मग मी तरी काय करणार?

गुरुवारी सकाळी मी गणवेशांची शिलाई घेऊन बसले होते. शाळा उघडायच्या आत चाळीस शर्ट द्यायचे होते. तुमची लेक शेजारी बसून बटणं लावत होती. (मी लावू नको म्हणत होते. पण माझा मुलगा गेल्यापासून तिला हात रिकामे ठेवून बसता येत नाही. मलाही येत नाही. आम्ही दोघींनी मिळून या सहा महिन्यांत इतके शर्ट शिवले, की गावातली पोरं आमच्या दुःखातच शाळेत जातात म्हणायला हरकत नाही.) मधेच ती म्हणाली, पोटात कसंतरी होतंय. मी म्हटलं, गॅस असेल, पाणी पी. ती पाणी प्यायली. मग लक्षात आलं, की तिच्या एका कळेपासून दुसरीपर्यंत माझी एक अख्खी बाही शिवून होतेय, कफासकट. पुढे पुढे बिनकफाची. कॉलर लावायला घेतली आणि त्या एका कॉलरीत दोन कळा आल्या, तेव्हा मी मशीन थांबवलं. ती कॉलर उलटी लागली आहे. कुणाच्या नशिबात आहे कोण जाणे.

टॅक्सी मिळाली, पण ड्रायव्हर आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. तुमच्या लेकीनेच त्याला दोनदा "दादा, श्वास घ्या" म्हणून सांगितलं. दवाखान्यात सिस्टरने तपासलं आणि म्हणाली, "पहिलटकरीण ना? मग सावकाश आहे. घरी जा, आंघोळ करा, जेवा." आम्ही बाहेर आलो, तर टॅक्सी तिथेच. ड्रायव्हर अजून श्वासच घेत बसला होता, निघालाच नव्हता. घर गाठलं, नऊ पायऱ्या चढलो, दहाव्या पायरीवर तिने कठडा जो धरला तो सोडेना. पुन्हा खाली, पुन्हा तीच टॅक्सी. या वेळी सिस्टर धावत सुटली.

मला खिडकीपाशी फॉर्म भरायला बसवलं. कारकुनाने विचारलं, बाळाच्या वडिलांची सही? मी म्हटलं, ते नाहीत. तो म्हणाला, बाहेरगावी? आणि विहीणबाई, मी हो म्हणाले. मागे रांग होती, मला घाई होती. आणि खरं सांगायचं तर बाहेरगावी म्हटल्यावर माणूस परत येण्यासारखा वाटतो. सही माझीच केली. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र आठवेना, तिथे "आम्ही एका घरात राहतो" असं लिहून आले.

आत ती "आई, आई" करत होती. मी हात धरला, म्हटलं, मी आहे गं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही नाही. आई." मला लागलं नाही असं नाही. पण हात तिने सोडला नाही, अजून नखांच्या खुणा आहेत. तुम्हाला फोन केला का, असं तिने तीनदा विचारलं. मी सांगितलं, लागत नाही. (दवाखान्यात भिंती जाड असतात.) तीन वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. आधी शिंकली, मग रडली. तिला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी तिला सांगितलं, तुझे बाबा बाहेरगावी नाहीत गं. तिला तरी खरं कळायला हवं.

आता एक विनंती. तो गेला तेव्हा तुम्ही लेकीला न्यायला आला होतात आणि मी दारात आडवी उभी राहिले होते. तो विषय या वेळी काढू नका. बाळाची झोप मोडू नये म्हणून मी मशीन बाहेरच्या खोलीत हलवलंय. इथे दोघींना काही कमी पडणार नाही.

व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण

ता. क. जुनी मऊ सुती चादर असेल तर आणा. मी बारा दुपटी शिवली, पण जन्मभर शाळेतल्या पोरांची मापं घेतलेली बाई मी, एकेका दुपट्यात तीन बाळं मावतील.

ता. क. दुसरा. डॉक्टरीणबाई मंगळवारी तसं म्हणाल्या नव्हत्या. लेक बाहेर चपला घालत होती, तेव्हा मला एकटीला म्हणाल्या, बाळ खूप खाली आलंय, दोन दिवसांत होईल, हिच्या आईला आजच बोलवा. संध्याकाळी तुमचा नेहमीचा फोन आला. मी म्हटलं, अजून वेळ आहे, पहिलटकरीण आहे. गुरुवारी फोन लागत नव्हता हेही खोटं. मी लावलाच नव्हता. माझा मुलगा गेला, तेव्हा मी कापड आणायला बाजारात होते. औषधवाल्याला कळलं, इस्त्रीवाल्याला कळलं, जिन्यातल्या सगळ्यांना कळलं, आणि शेवटी मला. त्याचं मूल येईल तेव्हा सगळ्यांत आधी मला कळावं, एवढंच मनात होतं. तुमची लेक तुम्हाला हाका मारील, हे ध्यानातच आलं नाही.

ता. क. तिसरा. वरची विनंती मी मागे घेते. दोघींना घेऊन जा. लेकीला यातलं काही माहीत नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शनिवारी दार मीच उघडीन. मला जे काही सुनवायचं असेल ते स्वयंपाकघरात नेऊन सुनवा, मी उलट उत्तर देणार नाही. फक्त "बरं" म्हणून गप्प बसू नका.