तिसरा रांजण

७ मार्च
ओतलं एकदाचं! तीन वर्षं काचेच्या बाटल्यांत वाढवलेले माझे जिवाणू आज तिसऱ्या रांजणात गेले. मी थेंब थेंब ओतत होते. मागून रंगारी मास्तर म्हणाले, "ओत की सरळ! तान्ह्या बाळाला औषध पाजतेयस की काय?"

चारही रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. आत कुजवलेली निळीची पानं आणि राखेचं पाणी. नीळ पाण्यात विरघळते ती आतल्या जिवांमुळे. ते मेले की उरतो नुसता चिखल. कापडगिरण्यांत हे काम रसायनं करतात आणि त्याचे भोग नदी भोगते. माझे जिवाणू इथे रुजले तर उद्या बाटलीत भरून कुठल्याही गिरणीला देता येतील. २७ एप्रिलला ओकायामाच्या गिरणीची माणसं कापड बघायला येणार आहेत. मास्तरांनी त्यासाठी आपला एक रांजण दिला. दुसऱ्या कोणी दिला नसता.

८ मार्च
ढवळलं. वाट बघितली. परत ढवळलं.

१२ मार्च
फूल आलं! तिसऱ्या रांजणात मधोमध जांभळट फेस. याला इथे फूलच म्हणतात. मास्तरांच्या बायकोने, तोकिए काकूंनी, देवाच्या फळीवर साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवली आणि उरलेली मला पाजली.

मास्तरांनी रोजच्यासारखं बोट बुडवून जिभेला लावलं. चुरचुरलं तर चुना पुरेसा, नाही तर घालायचा. चव घेण्याचा मान फक्त त्यांचा. फेब्रुवारीत आठवडाभर तापाने पडले होते, तेव्हासुद्धा काकू वाटीतून रांजणाचं पाणी अंथरुणापाशी नेत होत्या. "कमी आहे," म्हणाले आणि पळीभर चुना घातला. मी पीएच मोजायचं यंत्र काढलं तर म्हणतात, "आधी त्याला जीभ फुटू दे, मग त्याचं ऐकू."

१९ मार्च
यंत्र बारा दाखवतंय, म्हणजे चुना फार झाला. साडेदहाच्या आसपास हवं. मास्तर म्हणतात, कमीच आहे, घाल चुना. पंचेचाळीस वर्षांची जीभ खरी की माझं सेकंडहँड यंत्र? यंत्र बिघडलंय, दुसरं काय! दुरुस्तीला ओसाकाला पाठवून दिलं.

२४ मार्च
तिसऱ्याचं फूल गेलं. कापड तासभर बुडवून काढलं तर मळक्या पाण्यात धुतल्यासारखं.

दुसराही मंदावलाय. आणि आज मला आठवलं. ७ तारखेच्या गडबडीत मी तिसऱ्याची ढवळायची काठी दुसऱ्यात घातली होती. प्रत्येक रांजणाची काठी वेगळी, हे मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझे जिवाणू दुसऱ्यात गेले आणि तिथल्यांच्या मुळावर उठले. तिथून पुढे कुठे कुठे, कोण जाणे.

३० मार्च
चारही रांजण गप्प. पहिला तर मास्तरांच्या वडिलांच्या वेळचा.

काठीचं सांगून टाकलं. गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून. मास्तर हात धूत होते. धूतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." ओरडले असते तर बरं वाटलं असतं! मी खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

२ एप्रिल
काकू बहिणीकडे गेल्या. जाताना दोनदा बजावलं, "भाताचे गोळे तूच कर हं चिसातो. आणि ह्यांना आधी वाढ."

मी आधी वाढले. मास्तरांनी दोन खाल्ले. "मीठ अगदी बेताचं पडलंय." मग मी एक तोंडात घातला — साखर! डबे सारखेच, माझं लक्ष कुठे थाऱ्यावर आहे. त्या माणसाने गोड भात मिटक्या मारत खाल्ला, मला आणखी खाली बघायला लागू नये म्हणून. असल्या माणसाचे रांजण मारले मी.

५ एप्रिल
गिरणीला पत्र लिहिलं, येऊ नका म्हणून. पाकीट चिकटवलं नाही अजून.

६ एप्रिल
यंत्र परत आलं. सोबत चिठ्ठी: काहीही दोष नाही.

चारही रांजणांत बुडवलं. बारा. बारा. साडेबारा. बारा. मास्तर वर झोपले होते. मी कधीच करू नये ते केलं. बोट बुडवून जिभेला लावलं. आई गं! जीभ पोळली. नुसता चुना!

ओट्यावर बसले आणि एकेक गोष्ट समोर आली. फेब्रुवारीतला ताप. रोजचं "कमी आहे". गोड भातातलं ते बेताचं मीठ. मास्तर चांगुलपणा करत नव्हते. त्यांना चवच लागत नाहीये. माझे जिवाणू कोणाला मारत नव्हते, चुन्याने सगळेच झोपले होते.

आधी हसले. मग इतका राग आला! मी डोकं टेकून माफी मागत होते तेव्हा हा माणूस सगळं माहीत असून हात धूत होता.

७ एप्रिल
राग आहे. पण त्या हातांकडे बघितलं की काही बोलवत नाही. कोपरापर्यंत निळे. चव गेली तर पंचेचाळीस वर्षांचं काय उरलं त्यांच्याकडे?

८ एप्रिल
मी एवढंच म्हणाले, "मास्तर, काही दिवस चुना राहू दे. जिवाणूंना खायला कोंडा आणि साके घालू का?"

मास्तरांनी चुन्याची पळी खाली ठेवली. यंत्राला टोमणा नाही, काही नाही. "घाल."

११ एप्रिल
अजून काही नाही. पत्र टेबलावरच.

१५ एप्रिल
फूल! तिसऱ्यात! सगळ्यात आधी माझ्या तिसऱ्यात! कापड हिरवं निघालं आणि वाऱ्यावर धरताच डोळ्यांदेखत निळं झालं. पत्र फाडलं.

१६ एप्रिल
सकाळी मास्तरांनी बोट बुडवलं, तोंडापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"पोरी, तापापासून काही कळत नाही मला. भीती वाटली. तुझ्यावर गेलं तर जाऊ दे म्हटलं. लाज वाटते."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी रांजणाकडे हात केला. "बुडव. कसं लागतं ते सांगत जा मला रोज."

१८ एप्रिल
काकूंबरोबर भांडी घासत होते. म्हटलं, बरं झालं त्या दिवशी माझ्या हातून डबा चुकला.

काकू ताट विसळत राहिल्या. "डबा नव्हता चुकला. मिठाच्या डब्यात साखर मीच भरून गेले होते. नवऱ्याची जीभ गेली हे बायकोने कोणत्या तोंडाने सांगायचं गं?"