सरदार वगळून

५ जुलै, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण तांत्रिक. मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवायच्या, ही रेल्वेच्या सिग्नल खात्यातली सवय. लोणावळ्यात सगळी नोकरी काढली, रिटायर झालो, सवय राहिली.

काम असं. यशोधरा, म्हणजे आमची मिसेस, टीव्हीवर गाणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांची गाण्याची स्पर्धा, दर शनिवारी संध्याकाळी. विहारात जयंतीला ती गायची तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचो की हिला कुणीतरी टीव्हीवर न्यायला हवं. आता नेलं. ठीक आहे.

डिशवरून प्रत्येक भाग घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा, जाहिराती कापायच्या, कायमचा संग्रह करायचा. चॅनेल ऑनलाइन फक्त जिंकणाऱ्यांचे तुकडे टाकतं. म्हणजे हे काम मी केलं नाही तर होणार नाही.

स्पर्धा जोडीची आहे. जोडीदार चॅनेलनेच ठरवून दिला. सरदार मुलाणी, राहणार नवलाख उंबरे, तिथल्याच एका कारखान्यात फोरमन होता. माझ्याच वयाचा. आवाज चांगला आहे म्हणे.
असेल.

९ जुलै
बाजारातून कॅप्चर कार्ड आणलं. काडेपेटीएवढी वस्तू. एक टोक सेट-टॉप बॉक्सला, दुसरं कॉम्प्युटरला. दुकानदार नवाजभाई म्हणाला, काका, एचडीएमआयने जोडू नका, चॅनेलवाले कॉपी करू देत नाहीत, काळं दिसेल. जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर लावा.
त्याला म्हटलं, सिग्नल काय असतो ते मला शिकवू नकोस. एचडीएमआय लावली.

१२ जुलै, शनिवार
पहिला भाग रेकॉर्ड झाला. पूर्ण. काळा.
मी कार्यक्रमभर कॉम्प्युटरकडे बघत होतो, आत्ता येईल, मग येईल म्हणून. टीव्ही पाठीमागे होता. यशोधराने विचारलं, कसं झालं माझं? म्हटलं, छान, फक्त लायटिंग कमी वाटलं.

१३ जुलै
पिवळी-लाल-पांढरी वायर लावून बघितली. चित्र येतं. बऱ्याच विचारांती मला हा उपाय सुचला.

१९ जुलै, शनिवार
दुसरा भाग व्यवस्थित रेकॉर्ड. आज पहिल्यांदा सरदार मुलाणीला नीट बघितलं. उंच आहे. केस आहेत.
गाणं कार्यक्रमासाठी नवीन लिहून घेतलेलं. ती विचारते, 'दारी कुणाची चाहूल आली?' आणि तो म्हणतो, 'माझीच ती, दुसरे कोण?' 'दुसरे कोण'ला छातीवर हात ठेवतो. हाताची गरज नव्हती. परीक्षक उभे राहिले. आजकाल परीक्षक कशालाही उभे राहतात.
शेजारच्या सरुबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, काय जोडी जमलीय हो. त्यांना सांगितलं की जोडी चॅनेलने लावलीय, ती काही आपोआप जमलेली नाही. सरुबाईंचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं.
मला मत्सर वाटत नाही. नोंद असावी.

२२ जुलै
एडिटिंग शिकलो. सोपं आहे. नको तो भाग निवडायचा, कापायचा, दोन्ही टोकं जोडायची. तेलाची, सिमेंटची आणि पाठदुखीच्या मलमाची जाहिरात काढली. हात बसला होता म्हणून मग सरदारही काढला.
यात वैयक्तिक काही नाही. संग्रह यशोधराचा आहे, त्यात बाहेरचे आवाज कशाला? फाइलला नाव दिलं, 'सरदार_वगळून'.
लावून बघितली. यशोधरा विचारते, 'दारी कुणाची चाहूल आली?' लगेच पुन्हा विचारते, 'दारी कुणाची चाहूल आली?' तिसऱ्यांदाही तेच. कुणीच उत्तर देत नाही. परीक्षक उभे राहतात.
अजून काम बाकी आहे.

२६ जुलै, शनिवार
दुपारपासून ढग घरात शिरलेले. समोरचा रस्ता दिसत नव्हता, पर्यटकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. ऐन गाण्यात सिग्नल गेला. रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ नुसते चौकोन. एका जागी सरदारचं तोंड चार चौकोनांत फुटलंय. तेवढा तुकडा जपून ठेवला.
पुण्याहून अनघाचा फोन. बाबा, आईचं रेकॉर्डिंग होतंय ना? म्हटलं, होतंय. मुलीला तांत्रिक तपशील सांगण्यात अर्थ नसतो.

३० जुलै
यशोधरा तालमीला सोमाटण्याला गेली होती, लीलाबाईंच्या क्लासमध्ये. लोकलने तळेगाव, पुढे रिक्षा. सरदार मोटरसायकलवर येतो. परत आली ती हसतच. काय झालं विचारलं. म्हणाली, सरदारभाऊंनी फॅक्टरीतली गंमत सांगितली, एका साहेबाचा टाय मशीनच्या दारात अडकला आणि साहेब तसाच उभा राहून सगळ्यांना सूचना देत होता. मला हसू आलं नाही. ती म्हणाली, तुम्ही तिथं असायला हवं होतं.
मी का असायला हवं होतं?
ती त्याला 'सरदारभाऊ' म्हणते, तो तिला 'ताई'. ठरवून केल्यासारखं वाटतं.
त्याच्या बायकोने, मदिनाभाभींनी, डब्यात खिमा पाठवला होता. निषेध म्हणून कमी खाल्ला. यशोधराने डबा घासायला घेतला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

३ ऑगस्ट
सरदार काढल्याने राहिलेल्या मोकळ्या जागेवर उपाय सापडला. उत्तर मीच द्यायचं.
तसं बघितलं तर बरोबरच आहे. चाहूल माझ्याच दारी येणार. घर माझ्या नावावर आहे. नवाजभाईकडून माइक आणला. त्याने विचारलं, काका, तुम्ही पण गाता? म्हटलं, चाचणीसाठी.

५ ऑगस्ट
यशोधरा तालमीला. खिडक्या लावून घेतल्या आणि गायलो. 'माझीच ती' चांगलं आलं. 'दुसरे कोण'ला वर जावं लागतं, तिथे खोकला आला. पुढच्या वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी आली. त्याच्या पुढच्या वेळी सरुबाईंनी दार वाजवून विचारलं, भाऊ, बरं वाटत नाहीये का?
सगळे प्रयत्न सेव्ह केले आहेत. 'अंतिम', 'अंतिम_खरा', 'अंतिम_बिनखोकला'. गाण्यात कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

१० ऑगस्ट
आमची जोडी फायनलला. म्हणजे त्यांची.
कॉम्प्युटरवर पिवळ्या त्रिकोणात सूचना येते, डिस्कवर जागा कमी आहे. आयुष्यभर सिग्नल सांभाळले. पिवळ्याला गाडी थांबवत नाहीत, जपून पुढे नेतात. सूचना बंद केली.
'दुसरे कोण' अजून वर जात नाही. रोज सकाळी कोमट पाणी सुरू केलंय.

१४ ऑगस्ट
फायनल २३ तारखेला, मुंबईत, लाइव्ह. घरच्यांसाठी पुढच्या रांगेत एक-एक खुर्ची. यशोधरा म्हणाली, 'तुम्ही या.'
'मग रेकॉर्डिंग कोण करणार?'
'राहू दे रेकॉर्डिंग.'
'संग्रह अपुरा राहील.'
'मी गाणार ते तुम्ही समोर बसून ऐकणार नाही, आणि नंतर कॉम्प्युटरवर ऐकणार?'
'जाहिरातींशिवाय,' मी म्हणालो.
ती आत गेली. जरा वेळाने बघितलं तर माझा निळा शर्ट इस्त्री करून दाराला अडकवलेला होता.
खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. पुढच्या रांगेत बसून त्या माणसासाठी टाळ्या वाजवणं मला जमणार नाही. सगळं जग बघत असताना तर नाहीच.

२३ ऑगस्ट, शनिवार
सकाळी सरदार गाडी घेऊन आला. मदिनाभाभी पुढे बसलेल्या. तो खाली उतरून म्हणाला, 'प्रदीपराव, चला की. जागा हाय गाडीत. तुमी नसला तर ताईंचं लक्ष लागायचं न्हाई.' म्हटलं, कामात आहे. यशोधराने दाराला अडकवलेल्या शर्टाकडे बघितलं. चपला घातल्या आणि गेली.

संध्याकाळी सगळी तयारी. पाऊस नाही, सिग्नल उत्तम, वायर घट्ट. रेकॉर्डिंग वेळेवर सुरू. पहिल्या दोन जोड्या चांगल्या आल्या. मग निवेदिकेने यशोधराचं नाव घेतलं आणि कॉम्प्युटरवर त्रिकोण आला. या वेळी लाल. डिस्क भरली. रेकॉर्डिंग बंद.
जागा करायला जुन्या फाइली काढायला बसलो. प्रत्येक फाइलला कॉम्प्युटर विचारतो, नक्की काढायची? 'अंतिम' काढावी तर तिच्यात 'माझीच ती' सगळ्यात बरं आलंय. 'बिनखोकला'मध्ये खोकला नाही. मागे टीव्हीवर गाणं सुरू झालं. शेवटी 'अंतिम_खरा' काढली, तोवर टाळ्या. वळून बघितलं तर पडद्यावर सिमेंटची जाहिरात.
दुसरा क्रमांक मिळाला. चांगला आहे. रेकॉर्डिंगमध्ये निकालानंतरचे आभार आले आहेत.

२४ ऑगस्ट
यशोधरा दुपारी आली. चहा झाला. म्हणाली, लावा आता.
सांगितलं की तांत्रिक अडचण आली. तिने विचारलं, कसली? म्हटलं, जागेची. तिने अजून विचारलं असतं तर मी चॅनेलवर ढकललं असतं, पण ती उठली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, बघू काय भरलंय एवढं.
मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिने पहिलीच फाइल उघडली.
ती विचारते, 'दारी कुणाची चाहूल आली?' आणि मी, कोमट पाण्याआधीच्या आवाजात, 'माझीच ती.'
तिने पूर्ण ऐकलं. मग दुसरी लावली. कुकरवालीही ऐकली. मी चपला शोधत होतो.
'"दुसरे कोण"च्या आधी श्वास घ्या,' ती म्हणाली. 'तुम्ही आधीच सोडून देताय.'
बस, एवढंच. हसली असती तर बरं झालं असतं. मग खालच्या फाइलचं नाव वाचलं. 'सरदार वगळून,' असं मोठ्याने. खुर्चीवरून उठताना म्हणाली, सरदारभाऊंच्या घरी आहे म्हणे रेकॉर्डिंग. त्यांच्या बॉक्सला बटण असतं, दाबून गेले होते.
बॉक्सला बटण असतं.

३१ ऑगस्ट, रविवार
पेनड्राइव्ह घेऊन नवलाख उंबरे. यशोधरा बरोबर. योजना अशी होती की पाच मिनिटांत कॉपी करायची, चहा नाकारायचा, निघायचं.
कॉपी होत नाही. त्या बॉक्सवर रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सवर दिसतं, बाहेर काढता येत नाही. मी मागून वायरी तपासल्या, पुढून तपासल्या. सरदार म्हणाला, 'न्हाई निघत, प्रदीपराव. पोरानं बी लय खटाटोप केला. हितंच बसून बघायचं.'
मग बसलो. त्याच्या सोफ्यावर, त्याच्या शेजारी. मदिनाभाभींनी ताटं आणली. सरदारने रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाला, 'ताई सांगत असत्यात, तुमी जाहिराती काढायचं काम लय बारीक करता. तुमीच काढा.'
काढल्या. तेल, सिमेंट, मलम. एकदा हात जरा जास्त पुढे गेला आणि निवेदिकाच गेली, तर सगळे एकदम म्हणाले, मागे घ्या. घेतलं.

यशोधरा आणि सरदार स्टेजवर आले. निवेदिकेने विचारलं, घरून कोण आलंय? सरदारने मदिनाभाभींकडे हात केला. यशोधरा म्हणाली, 'आमचे हे घरी आहेत. माझं सगळं गाणं तेच जपून ठेवतात.' कॅमेऱ्याने मदिनाभाभी दाखवल्या आणि शेजारची रिकामी खुर्ची. खुर्चीवर पांढरा कागद, त्यावर माझं नाव.
मग गाणं, फायनललाही तेच. तिने विचारलं, 'दारी कुणाची चाहूल आली?' सरदारकडे तिने बघितलंच नाही. तिन्ही वेळा खाली पुढच्या रांगेकडे बघत होती. सरदार छातीवर हात ठेवून शेजारी उभा राहून गायला. चांगला गातो. वरचा सूर सहज लावतो.

मी यशोधराकडे बघितलं. ती भाकरी मोडत होती.
गाणं संपलं, जाहिराती सुरू झाल्या. सिमेंटची लागली, मग मलमाची. रिमोट माझ्याच हातात होता. सरदार एकदा माझ्याकडे वळला आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागला. मी एकही काढली नाही. जाहिराती सगळ्या झाल्या.