पंचेचाळीस सेकंदांची कबुली

ता. ३

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फुटबॉल लीगची नोटीस आज दुकानात आली. शर्टाला काजं करत होते, सुई तशीच टोचून ठेवली आणि वाचली. खाली सही तुझी.

मी म्हणे 'खेळाडूची मुलाखत' इंटरनेटवर टाकली, ती दोन मिनिटं दहा सेकंदांची आहे आणि नियम पंचेचाळीस सेकंदांचा. अरे, तो खेळाडू माझा मुलगा आहे. स्वयंपाकघरात बसून मी त्याला विचारलं, की बाबा, तू असं का केलंस? ही मुलाखत?

विचारावंच लागलं. सामना हरल्यावर वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांपुढे तो म्हणाला, की चूक माझीच, चेंडू मला दिसत होता, मी मुद्दामच हात लावला नाही. तेवढ्यात पंचेचाळीस सेकंद भरले म्हणून तू हात वर केलास आणि कॅमेरे बंद झाले. आपला लंबू किती सावकाश बोलतो, हे मामाला ठाऊक नाही का? हात का लावला नाही, ते तो पुढे सांगणार होता. आता सगळीकडे बोभाटा, की गोलकीपरनं सामना विकला. क्लबनं त्याला घरी बसवलंय. शेजारचा केमिस्ट त्याला ओळख देत नाही.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.

तुझी ताई

ता. ६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही माझी असली तरी मजकूर वरून येतो. पूर्ण मुलाखती फक्त लीगच्या वेबसाइटवर दिसाव्यात, म्हणून हा नियम. आमच्या वेबसाइटनं लंबूची मुलाखत घेतलीच नाही, कारण तो हरला होता.

घरच्या बोलण्याला सूट आहे का, असं मी साहेबांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, की प्रश्न होता का, उत्तर होतं का? मग मुलाखतच.

तू व्हिडिओ काटछाट करून पंचेचाळीस सेकंदांत बसव. सुरुवातीला त्याला पाणी हवंय का विचारतेस, ते आधी काढ. नाहीतर सुनावणी होईल आणि त्याचं नाव यंदाच्या यादीतून जाईल. रागावू नकोस, मलाही नोकरी आहे.

तुझा भाऊ

ता. ८

चि. भाऊस,
आशीर्वाद.

बसले होते कापायला. पाणी काढलं. मग त्याचं थांबणं काढलं, तर तो दुसराच कुणीतरी वाटायला लागला. मी कपडे आखूड करते, पोराला नाही करणार.

होऊ दे सुनावणी. नियमांचं पुस्तक तुझ्या उशाशी असतं, त्यात आमच्या उपयोगाचं काही सापडतंय का बघ. कळावे, आणि या वेळी खरंच कळावे.

ताई

ता. १५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलं. लांबीबद्दल वाद असेल तर व्हिडिओ समितीपुढे पूर्ण चालवून मोजावा, असं एक कलम आहे. मी अहवालात दोन मिनिटं अकरा सेकंद लिहिलं. झाला वाद.

समितीवर लंबूच्या क्लबचे प्रशिक्षकही आहेत. तीन सदस्य, तीन घड्याळं, तीन वेगळी उत्तरं, म्हणून व्हिडिओ तीनदा चालवला. तिसऱ्यांदा घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. लंबू सांगत होता, की चेंडू बाहेर जाणार असं वाटलं, हात लागून बाहेर गेला असता तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला असता, पण तो खांबाला लागून आत आला. प्रशिक्षक मान खाली घालून म्हणाले, "बाहेर जाणाऱ्या चेंडूला हात लावू नकोस, हे मीच शिकवलंय त्याला."

निकाल असा: खुलासा समाधानकारक आहे, परंतु लांब आहे. लंबू रविवारी खेळणार. व्हिडिओ मात्र उद्यापर्यंत काढायचा. खुलासा क्लबनं छापून फाटकावर लावलाय, कारण कागदाला वेळेची मर्यादा नाही.

मला साहेबांनी पार्किंगचे पास वाटायला बसवलंय. त्या दिवशी हात वर करायला नको होता, ताई.

तुझा भाऊ

ता. २३

चि. भाऊस,
पोटभर आशीर्वाद.

व्हिडिओ काढला. रविवारी लंबूनं दोन गोल वाचवले. केमिस्ट घरी येऊन म्हणाला, की त्याला आधीपासून खात्री होती.

पण एक नवीनच सुरू झालंय. हल्ली लंबू कारण आधी सांगतो आणि कबुली शेवटी. काल ओट्यावर दूध सांडलं होतं. कुणी सांडलं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, शेगडीची आच एका बाजूला जास्त आहे, पातेल्याचं तोंड अरुंद आहे, ओट्याला उतार आहे. मी फडकं आणलं, ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं, तरी त्याची कबुली काही आली नाही.

रविवारी जेवायला ये. लोभ वर आलाय.

तुझी ताई