कावळ्याला दिलेला शब्द

२९ ऑगस्ट २००५, सोमवार

शेवटची यादी लागली. दिशाचं नाव नाही.

नेटवर तिनंच पाहिलं. घरी आली, चप्पल काढता काढता सांगितलं — आज दूध आलं नाही म्हणून सांगावं तसं. सरकारी डेंटल थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेजचं नाव या घरात काढायचं नाही, हे आमचं आधीच ठरलेलं.

मी मशीनवर होते. एका बाईच्या साडीची पिको अर्धी झालेली. पाय थांबवला नाही. थांबवला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

१ सप्टेंबर, गुरुवार

क्लासच्या सरांना भेटून आले. एकटीच गेले. ते म्हणाले, मुलगी हुशार आहे, घाई करते आणि येत असलेलं चुकवते. प्रवेश परीक्षेला एक वर्ष पुन्हा बसवा, होऊन जाईल. पुन्हा बसणाऱ्यांची बॅच गणपती उठले की सुरू होते. अनंत चतुर्दशीपर्यंत तिची जागा धरून ठेवतो म्हणाले.

पण मग कॉलेज सोडावं लागेल. बी.एस्सी.ला नाव घालून ठेवलंय, जुलैपासून जातेय. क्लास दिवसभराचा. दोन्ही होणार नाही.

दिशाला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

बघू! हा ह्यांचा शब्द. नळ गळतोय — बघू. छातीत जरा दुखतंय — बघू.

३ सप्टेंबर, शनिवार

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

ह्यांची दाढ. देवळाली कॅम्पात स्टोअरला होते तेव्हा लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून कामावर जायचे. शेवटी कोणीतरी मिलिटरीच्या दवाखान्यात नेलं. तिथे दातांची डॉक्टर बाई. लहानखुरी, ह्यांच्या खांद्याएवढी. घरी आले ते गालाला हात लावून हसतच. म्हणाले, "अगं, काढली कधी ते कळलंसुद्धा नाही. आपल्या दिशाला हेच करू." दिशा तेव्हा खडूने भिंतीवर रेघोट्या ओढत होती. एवढंच. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी, पितृपक्षातल्या चतुर्थीला, हे दारातच कोसळले.

दहाव्याला मी रामकुंडावर नव्हते. अंगात ताप, उभं राहवत नव्हतं. पुंजाराम भाऊजींनी — ह्यांचे धाकटे भाऊ — सगळं केलं. दिशा त्यांच्यासोबत गेली. दहावीत होती. दुपार कलली तरी कोणी येईना. माझ्या मनात एकच — कावळा शिवत नसणार. ह्यांचा जीव कशात तरी अडकलाय.

आले तेव्हा मी आधी तेच विचारलं. भाऊजी म्हणाले, "शिवला, वहिनी. येईच ना आधी. मग मी म्हणलं, रंगनाथदादा, तुझ्या पोरीला दाताची डॉक्टर करतो, तू सुखानं जाय. तसा झाडावरून उतरला न् शिवला."

त्या दिवशी मी पहिल्यांदा भाताचे चार घास खाल्ले.

तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात आहे. देवाच्या फोटोसारखा. रोज कोणी बघत नाही, पण काढूनही ठेवता येत नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

क्लासचं माहितीपत्रक मी टेबलावर ठेवलं होतं, तिला दिसेल असं. संध्याकाळी पाहिलं तर त्यावर तिनं गरम पातेलं ठेवलेलं. गोल डाग पडलाय.

दोघींनी आमटी-भात खाल्ला.

मी सातवीपर्यंतच शिकले. बाकी जे काय ते वाचनालयाच्या पुस्तकांनी शिकवलं. गेल्या वर्षी तिच्या गाईडमधली इंग्रजी अक्षरं लावत लावत मी तिला प्रश्न विचारायची. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची, आणि हसता हसता उत्तर बरोबर द्यायची. तशी ती आता माझ्यासमोर हसत नाही.

७ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले. भाऊजी मखमलाबादहून मळ्यातली फुलं घेऊन आले — झेंडू, जास्वंद, दुर्वांची जुडी. दिशाला बघून नेहमीसारखे म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, माझी कवळी कधी करणार?" ती पाणी ठेवून आत निघून गेली.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही जरा समजावा. शब्द तुम्हीच दिलाय.

ते जास्वंदीचे देठ खुडत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या ना, वहिनी. पोरीला लय ताण नका देऊ."

राग आला. ज्यांनी शब्द दिला त्यांनीच असं म्हणायचं?

१० सप्टेंबर, शनिवार

क्लासमधून फोन. नक्की काय ते कळवा. मी म्हटलं, येणारच आहे ती.

फोन ठेवून वळले तर दिशा मागे उभी.

११ सप्टेंबर, रविवार

झालं. जे व्हायचं नव्हतं ते झालं.

मीच सुरू केलं. तू हो म्हण, एवढंच म्हण, पुढचं मी बघते. मग मी ते बोलले जे बोलू नये — बाबांचा जीव तुझ्यात अडकला होता गं, त्यांना शब्द दिलाय.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिनं हळूच खाली ठेवला. म्हणाली, "पुन्हा नाही जमलं तर? मग बाबा पुन्हा अडकले म्हणणार तू?"

मी म्हटलं, असं कसं बोलतेस.

"कावळा शिवलाच नव्हता, आई."

ओरडून नाही. अगदी हळू. मग टॉवेल उचलला आणि त्याची घडी घातली.

१२ सप्टेंबर, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. — खोटं. हात होत नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

मखमलाबादला गेले. भाऊजी मळ्यात, गणपतीची मागणी म्हणून सगळे झेंडू खुडायला लागलेले. मला बांधावर बघितलं आणि त्यांना कळलं. टोपली खाली ठेवली.

म्हणाले, दहाव्याचा तो दिवस पितृपक्षातलाच, अमावस्या तोंडावर आलेली. कुंडावर जिकडे तिकडे पिंड, जिकडे तिकडे भात. कावळे जेवून जेवून सुस्तावलेले. आपल्याकडे ढुंकून बघेनात. "मी काय नाय बोललो, वहिनी? वावराचं भांडण मिटवतो म्हणलं. तमाखू सोडतो म्हणलं. तुम्हाला अंतर देणार नाय म्हणलं. एक हलंल तर शपथ." ऊन डोक्यावर आलं. मागे दुसरी माणसं खोळंबलेली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि उरकलं.

मग मला खोटं का सांगितलं?

टोपलीतली फुलं उगाच वरखाली केली. मग म्हणाले, "पोरगी म्हणली. रिक्षात. काका, आईला शिवला म्हणून सांगा, नाहीतर ती जेवणार नाय."

आणि दाताचं? डॉक्टरचं?

"शिवला म्हणलं की तुम्ही विचारणारच, कशावर शिवला. आता काय सांगू? दाढेची गोष्ट दादानं मलाबी सांगितली व्हती. ती तोंडात आली." डोळे पुसले, हात झेंडूने पिवळे झालेले, गालावर पिवळं लागलं.

बसमध्ये खिडकीशी बसले. माझी मुलगी. दहावीतली. बाप गेलेला, कुंडावर उन्हात उभी, आणि तिला काळजी मी जेवीन की नाही याची. मग तीच थाप तीन वर्षं तिनं अभ्यास म्हणून गिरवली. मी रोज तिला तिचीच थाप वाढत होते.

आणि हे? ह्यांचं काय? दर्भाच्या काडीवर गेले बिचारे. की काही अडकलंच नव्हतं, नुसते कावळे पोटभर जेवलेले होते? कोणाला विचारू?

१५ सप्टेंबर, गुरुवार

ठरवलं. तिला आता यात घालायचं नाही. पुरे.

सकाळी क्लासला गेले आणि जागा सोडून आले. सर म्हणाले, विचार करा. म्हटलं, झाला करून. घरी येऊन गाईडं चादरीत बांधून माळ्यावर टाकली. हलकं वाटलं. वाटलं, आता ती हसेल.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

हसली नाही.

कॉलेजातून आली तेव्हा सांगितलं. म्हटलं, मला सगळं कळलंय, भाऊजींनी सांगितलं. तू आता मोकळी. जागा सोडली. मला वाटलं गळ्यात पडेल. तिनं पिशवी खांद्यावरून काढलीच नाही.

"कोणाला विचारून?"

मी म्हटलं, अगं, तुलाच नको होतं ना.

"मी नको कधी म्हणाले? बघू म्हणाले होते. आधी कावळा शिवला म्हणून तू मला बसवलंस, आता नाही शिवला म्हणून उठवतेस. मधे मी कुठे आहे, आई?"



१७ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. दिवसभर ढोल. सरांना फोन केला की चुकले, जागा द्या. म्हणाले, काल भरली.

दिशाला सांगितलं. मान डोलावली फक्त. तिचा चेहरा वाचता येत नाही. इतकी पुस्तकं वाचली, हे एक येत नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. बुधवारी ह्यांची तिथी. तांदूळ निवडले.

ती विचारलं तेवढंच बोलते. मी विचारतही नाही. विचारलं की माझंच उत्तर तिच्या तोंडात घालते, हे आता कळलंय.

२१ सप्टेंबर, बुधवार

वडे, खीर, गवारीची भाजी. पान घेऊन गच्चीवर गेले. दिशा मागून आली, हातात गाईड. माळ्यावरून तिनंच काढलेलं, केसांत जळमट.

म्हणाली, "कॉलेज सोडणार नाही. क्लास नको. मे महिन्यात पेपर पुन्हा देणार. मिळालं तर मिळालं. संध्याकाळी प्रश्न तू विचारायचेस, तुझ्या त्या इंग्रजीत."

मी मान हलवली. पान कठड्यावर ठेवायला वाकले.

"आणि आई — कावळ्याला काही सांगू नकोस."

नाही सांगितलं. ओठ घट्ट मिटून पान ठेवलं. हात पुरता मागे घेतला नाही, तोच शिवला.