दुरुस्त केलेली अकरा चित्रं

प्रिय मावशी,

परवा तुझा मुलगा हसून म्हणाला, "सगळं जग जे वापरतं ते सोडून हे काय उचलून आणलंस?" दुकानदाराचंही तेच. "ताई, याला गिऱ्हाईक नाही. उद्या अडलात तर माझ्याकडे येऊ नका." तरी मी चित्रं काढायला हाच टॅबलेट घेतला. तीन आठवडे वाचून, दोनदा दुकानात जाऊन नुसता बघून परत येऊन. तो संगणकाला जोडावा लागत नाही, पडद्यावरच काढायचं. आतलं सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे ते कसं बनलं हे कोणालाही उघडून वाचता येतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ज्यांना कळतं ते त्यावरून चारचौघांत भांडतात, आणि असं उघड भांडणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो. खातं लागत नाही. चित्र माझ्याजवळच राहतं. ब्रश जरा अडखळतो. खोटं कशाला सांगू, तू दिलेला टॅबलेट याहून छान चालायचा.

पण तो तुझ्या खात्यावर चालायचा, म्हणजे मी काढलेलं सगळं तुझ्याकडेही उघडायचं. "वेगळं खातं कशाला, आपण काय परक्या आहोत?" म्हणालीस. औषधाच्या बाटलीतला कागदही शेवटपर्यंत वाचणारी मी, तिथे मात्र न वाचता हो म्हटलं.

लहानपणी तुझ्या जेवणाच्या टेबलावर शिकायचे, तेव्हा तू माझ्या चित्रावर पातळ कागद ठेवून लाल पेन्सिलीने सुधारायचीस. कागद उचलला की खाली माझं वेडंवाकडं घर तसंच असायचं. म्हणून त्या लाल रेघांचा मला कधी राग आला नाही. या वेळी खाली काही उरलंच नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाची अकरा चित्रं तू तुझ्या घरी बसून उघडलीस, बदललीस, माझी पुसून त्यांच्याच जागी ठेवलीस आणि मला न विचारता प्रकाशकांना पाठवलीसही. वर फोनवर, "अगं, थोडा हात फिरवला. आभार नकोत हं."

चित्रातल्या आजोबांचे गुडघे सरळ केलेस, ते मी गिळलं असतं. पण गोष्टीतल्या त्या मुलीचा डावा डोळा? तो अकराही चित्रांत नाकाकडे वळलेला होता. चुकून नाही. आरसा समोर ठेवून काढला होता मी. शाळेत चिडवतात म्हणून तू मला घरी शिकवलंस, ते उपकार मी विसरले नाही. पण फोटोच्या वेळी "जरा तिकडे बघ" म्हणायचीस, पाहुणे आले की वही देऊन आतल्या खोलीत बसवायचीस, तेही विसरले नाही. ही मुलगी मी बाहेर बसवली होती, दुकानाच्या पायरीवर, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी.

काल प्रकाशकांना सांगितलं की ती चित्रं माझी नाहीत. छापायची तर मावशीच्या नावाने छापा, नाहीतर पंधरा दिवस द्या, नव्याने काढते. ते म्हणाले, "आधी तुमच्या मावशींशी बोलतो." त्यांचा फोन उद्या येईल, म्हणून हे पत्र आजच तुझ्या मुलाच्या हाती देतेय. "पोर हळवी आहे, छापून टाका" असं म्हणू नकोस. डोळा तिने तसाच काढला होता, एवढंच सांग. तेही जमणार नसेल, तर फोन उचलू नकोस.

तुझीच,
तूच शिकवलेली भाची